सोळा की बत्तीस

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची,
सरफराज बागवान काउंटरवर मांडतो
चिक्कीच्या पट्टीएवढ्या हिरव्या पट्ट्या.
"आठ, सोळा, बत्तीस. बोला काकू, किती टाकू?"

बाकीचं सगळं ठरलंय, कागदावर उतरलंय,
ही एकच ओळ रिकामी.
निहार म्हणतो बत्तीस.
सहामाहीला गणितात पडले तेवढेच.

मी आठवर बोट ठेवते.
"आठमध्ये आता राम नाही, काकू,"
आणि स्वतःच हसतो.
सकाळपासून चौघांना तरी ऐकवला असणार हा विनोद.
मी हसत नाही. माझ्या पिशवीत
भिशीचे आहेत, डब्यांचे आगाऊ घेतलेले आहेत,
आणि दोन हजार असे, जे खरं तर मिक्सरचे.

"पण असते काय ही मेमरी?"
निहार सांगायला लागतो आणि इंग्रजीत अडकतो.
सरफराज पेन खाली ठेवतो.
"कोठी वेगळी, काकू. कोठीत सगळं भरलेलं असतं.
ही म्हणजे तुमचा ओटा.
लागेल तेवढं काढायचं, हाताशी ठेवायचं.
ओटा लहान, तर परात खाली, तेल स्टुलावर,
आणि दर वेळी कोठीत फेरी.
गेम तिथंच अडखळतो."

हे मला कळतं.
कर्वेनगरात आमचा ओटा साडेचार फुटी,
त्यावर पहाटे पाचला छत्तीस डबे.
जागा कशी पुरवायची हे मला कुणी शिकवू नये.
"आणि ओटा मोठा केला
की पोळ्या भराभर होतात का रे?"

तो थांबतो. निहारकडे बघत नाही.
"नाही. हात तेवढेच ना."
"मग सोळा."
"सोळा पुरतील," तो कबूल करतो,
"पण एकच पट्टी नको, आठ-आठची जोडी लावा.
जोडीनं ओढतात."
निहार बुटांकडे बघतो.

दिवे लागणारी पट्टी नऊशेनं महाग.
"दिव्यांनी जोरात पळतो का?"
"नाही."
"मग नको."

बिल होता होता विचारलं, लाइट गेली तर?
"लाइट गेली की हिच्यातलं सगळं पुसलं.
काही म्हणजे काही राहत नाही."
सुखी आहे बाई.

माझ्यात रात्री साडेअकरालाही चालूच असतं:
नऊ नंबर लसूण नको, चौदा नंबर गुरुवारी साबुदाणा,
लेले मॅडमचे दोन महिने बाकी,
डहाणूकर कॉलनीतल्या त्या मुलानं
डबा दिला, झाकण नाही दिलं,
आणि नणंद साखरपुड्यात काय बोलली होती तेही,
सात वर्षं उघडंच, विनाकारण.
बटण कुठं आहे ते सापडत नाही.

शनिवारी पेटी जोडून झाली.
काचेतून दोन पट्ट्या दिसतात,
शेजारी दोन रिकाम्या खाचा.
"पुढेमागे भरू," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. माळ्यावर चढला,
गणपतीच्या आरासीतली निळी माळ काढली
आणि आत गुंडाळायला लागला.
"अरे तापेल ते!"
"नाही तापत."
मग स्वतःच अर्धी बाहेर काढली.

आता तो कुठल्याशा डोंगरावर चढतोय.
दरीत धुकं आहे, गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकतं,
एक पक्षी आरामात पंख हलवत जातो,
मध्येच अडकून राहत नाही.
मी कणीक मळता मळता दारात येते.
"आई, तू चढतेस?"
"हात पिठाचे आहेत."
"मग बघ नुसतं. वरून सगळं दिसतं."

उभी राहते.
तवा तापलाय, हे मला माहीत आहे.